एकाच घरात दोन निर्णय : आई, मी आणि एचआरटी



हा भाग मी तीनदा रेकॉर्ड केला आणि तीनदा डिलीट केला. आज चौथ्यांदा बसलेय. बसण्याआधी आईला फोन केला, म्हटलं, "तुझं पण सांगू का गं?" ती म्हणाली, "सांग. पण नाव घेऊ नको, शाळेतल्या बायका ऐकतात." तर आईचं नाव नाही. ती कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते, वय 52, एवढंच पुरे. मी 32 ची, पुण्यात नोकरी करते. आणि आमच्या दोघींच्या समोर गेल्या तीन वर्षांत एकच प्रश्न आला. एचआरटी घ्यायची का नाही? तिचं उत्तर वेगळं निघालं, माझं वेगळं. मला वाटतं दोन्ही बरोबर आहेत. कसं ते सांगते.

आधी शब्द क्लिअर करू. एचआरटी म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी. पाळी कायमची गेल्यावर शरीरात इस्ट्रोजेन कमी पडतं, ते बाहेरून द्यायचं. आपले ट्रान्स मित्रमैत्रिणी पण हाच शब्द वापरतात, पण तो विषय वेगळा आहे, त्यावर बोलायला त्यांच्यातलंच कुणीतरी हवं. आज मी फक्त पाळी जाण्याबद्दल बोलतेय.

आता तुम्ही म्हणाल, पाळी जाणं हा आईचा विषय, तुझं काय मध्येच? तेच तर.

29 व्या वर्षी माझी पाळी चुकायला लागली. एक महिना, मग दोन, मग चार. प्रेग्नंट असायचा प्रश्न नव्हता. एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पीसीओडी असेल. वजन कमी करा, लग्न करा, सगळं सुरळीत होतं." रक्ताची एकही टेस्ट नाही. हातात गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट. गोळ्या घेतल्या की दर महिन्याला रक्तस्राव व्हायचा, मला वाटायचं झालं बरं. सहा महिन्यांनी गोळ्या बंद केल्या आणि पाळी परत गायब. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्ही लक्षात ठेवा. गोळ्यांवर येणारा रक्तस्राव हा गोळी थांबवल्यामुळे येतो. तुमची ओव्हरी काम करतेय की नाही हे त्यावरून कळत नाही. माझी ओव्हरी त्या सहा महिन्यांत झोपलेलीच होती आणि मी खूश होते.

मध्ये अंगातून वाफा यायला लागल्या. ऑफिसच्या एसीत, मीटिंगमध्ये, छातीपासून कानापर्यंत भट्टी पेटल्यासारखं. रात्री उशी ओली. मला वाटलं स्ट्रेस आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "अगं हे तर माझं चाललंय!" आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात उत्तर होतं, पण दोघींच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या डॉक्टर बाई साठीच्या असतील. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग एफएसएच नावाची टेस्ट लिहिली. एफएसएच म्हणजे मेंदूकडून ओव्हरीला जाणारी हाक. ओव्हरी ऐकत नसली की मेंदू जोरात ओरडतो, आकडा चढतो. माझा 68 आला. महिन्याने परत केली, 74. तिशीच्या आत-बाहेर पाळी बंद असताना 25 च्या वर आकडा असला की डॉक्टर सावध होतात. त्यांनी कागद उलटा केला, मागे लिहिलं : प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी. म्हणजे 40 च्या आत ओव्हरीचं काम थंडावणं. शंभरात एकीला होतं असं बरीच वर्षं सांगायचे. अलीकडचे आकडे त्याहून जास्त आहेत. थायरॉइड, अँटिबॉडीज, क्रोमोझोम अशा आणखी टेस्ट झाल्या. कारण काही सापडलं नाही. बऱ्याच जणींचं सापडत नाही.

मी रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "ताई, कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही काका." आणि मग मनात आलं, गेलंय की खरं.

मुलांबद्दल बोलायचं तर थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळा भाग होईल. दार पूर्ण बंद नसतं. या आजारात पाच ते दहा टक्के बायकांना आपोआप दिवस राहतात. एचआरटीने ते वाढत नाही, आणि एचआरटी गर्भनिरोधक पण नाही. दोन्ही गैरसमज मला होते. पुढे जाऊ.

त्या डॉक्टर बाईंनी लगेच एचआरटी सुचवली. आणि घरात भूकंप झाला.

का, तर माझी मावशी. आईची सख्खी मोठी बहीण. तिला 58 व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं आईने जवळून बघितलं. मावशी आज ठणठणीत आहे, पण आईच्या डोक्यात एक वाक्य खिळ्यासारखं बसलंय : हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. मी फोनवर एचआरटी म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "मेले तरी घेऊ देणार नाही तुला." रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्यात हजर. हातात शतावरी कल्पाचा डबा.

आईचं ते वाक्य कुठून आलं हे मी नंतर शोधलं. आणि ही गोष्ट भारी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत 1942 पासून इस्ट्रोजेनची एक गोळी मिळायची, गाभण घोडीच्या मुतापासून काढलेली. होय, नीट ऐकलंत. साठच्या दशकात तिचा असा गाजावाजा झाला की जणू ती घेतली की बाई कधी म्हातारीच होणार नाही. मग 1975 मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. म्हणून ज्यांना गर्भाशय आहे त्यांना सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायला लागले. ते अस्तर आवरून धरतं. नंतर एक मोठा अभ्यास झाला, वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यातल्या दोन हार्मोनच्या भागात 16,608 बायका होत्या. जुलै 2002 मध्ये तो मध्येच थांबवला. ब्रेस्ट कॅन्सर 26 टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर गेली. लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. तीच भीती वर्तमानपत्रांतून, डॉक्टरांतून, शेजारणींतून फिरत फिरत आमच्या घरात पोचली.

आता तो 26 टक्के आकडा उघडून बघू. दहा हजार बायका एक वर्षभर गोळी न घेता राहिल्या तर साधारण 30 जणींना ब्रेस्ट कॅन्सर व्हायचा. गोळी घेणाऱ्यांत 38 जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. स्ट्रोक पण आठ जास्त, फुप्फुसात गुठळी आठ जास्त, हार्टचा त्रास सात जास्त. उलट बाजूला आतड्याचा कॅन्सर सहा कमी, खुब्याचं हाड मोडणं पाच कमी. आठ म्हणजे शून्य नाही. त्या आठांत आपली मावशी असली तर आपल्याला शंभर टक्केच वाटणार. पण "26 टक्के" ऐकून माझ्या मनात जे चित्र आलं होतं, की चारातल्या एकीला कॅन्सर होणार, ते साफ चूक होतं. कुठलीही "इतके टक्के वाढ" वाली बातमी फॉरवर्ड होऊन आली की आधी विचारा, किती जणांत, कितीवरून किती?

आणि दुसरी गोष्ट. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. सगळ्यात लहान 50 ची. बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली. औषध म्हणजे तीच घोडीवाली गोळी आणि एक जुन्या प्रकारचं कृत्रिम प्रोजेस्टिन. 29 वर्षांच्या पोरीला तो आकडा लागू करणं म्हणजे आजोबांच्या शुगरचा रिपोर्ट बघून नातवाला चहा बंद करणं.

पुढे या अभ्यासाची परत परत छाननी झाली आणि आज बहुतेक तज्ज्ञ संस्था असं म्हणतात : वय 60 च्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, त्रास खरोखर असेल आणि अडवणारं दुसरं काही नसेल, तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे कडक, चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. झालं, लगेच रील्स सुरू. "एचआरटी घ्या, वीस वर्षांनी तरुण व्हा." मला हसूच आलं. साठच्या दशकात हेच चाललं होतं की! नुसत्या इस्ट्रोजेनबद्दलचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा इशारा अजून ठेवलाय, ते रीलवाले सांगत नाहीत.

तर, त्या रविवारी आई आली. सोमवारी मी सुट्टी टाकली आणि तिला घेऊनच डॉक्टरांकडे गेले. आईने आत गेल्या गेल्या मावशीचं सांगितलं. डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कितव्या वर्षी झाला? एकाच बाजूला का? घरात आणखी कुणाला, आजीला, दुसऱ्या मावशीला, ओव्हरीचा कॅन्सर कुणाला?" एकच जण, आणि तोही अठ्ठावन्नाव्या वर्षी. मग आईला म्हणाल्या, "ताई, तुमच्या लेकीच्या मैत्रिणींच्या अंगात रोज इस्ट्रोजेन तयार होतंय. त्याला तुम्ही घाबरता का? नाही ना. हिच्या अंगात तेच बंद पडलंय. मी जास्तीचं काही देत नाहीये. जे असायला हवं होतं ते भरून देतेय, पन्नाशीपर्यंत."

आई गप्प. मग तिने तिचा खरा प्रश्न विचारला. "आणि नाही घेतलं तर?"

डॉक्टरांनी माझा हाडांचा स्कॅन काढला, डेक्सा म्हणतात त्याला. माझ्या वयाच्या मुलींच्या मानाने हाडांची घनता कमी आली होती. तिशीत. इस्ट्रोजेन गेलं की हाडं झिजायला लागतात, आणि हृदयाला मिळणारं संरक्षण पण कमी होतं. 50 व्या वर्षी पाळी गेलेली बाई हे पुढची तीस वर्षं सोसते, मला पन्नास वर्षं सोसावं लागलं असतं. शतावरीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "दुधातून घे हवी तर. पण त्याने हाडं भरून निघतील असं मी सांगू शकत नाही." डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. कधीतरी घेते, चवीला छान लागतं.

माझ्या बाबतीत निर्णय तिथेच झाला. खरं म्हणजे ज्यांची पाळी इतक्या लवकर जाते त्यांना, काही अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक वयापर्यंत एचआरटी घ्यायलाच सांगतात. आपल्याकडे ते वय साधारण 46–47 धरतात. मी रोज सकाळी दंडाला जेल लावते. कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जात नाही, त्यामुळे गोळीसारखी गुठळीची भीती त्यात दिसलेली नाही. जेल वाळेपर्यंत हात पसरून पंख्याखाली उभी राहते, बुजगावण्यासारखी. ते ओलं असताना लहान मूल किंवा मांजर अंगाला लागू द्यायचं नाही, हे पण सांगितलंय. आणि महिन्यातले बारा दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिने मस्त झोप येते, हा बोनस. पहिले दोन महिने छाती दुखली, एकदा मध्येच स्पॉटिंग झालं, मूड पण वरखाली. डोस जरा बदलला, मग बसलं. वाफा तीन आठवड्यांत गेल्या. मेडिकलवाला अजून दर वेळी विचारतो, "आईसाठी का ताई?" आधी हो म्हणायचे. आता म्हणते, "नाही, मलाच."

स्थळांचं पण सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणी तोच विचार करत असणार. आई म्हणत होती, आधीच काही सांगू नको. मी दुसऱ्या भेटीत सांगितलं. मुलगा म्हणाला, विचार करून कळवतो. त्याने कळवलं नाही. आठ दिवस वाईट वाटलं. नंतर वाटलं, बरं झालं, दोन कॉफीत सुटलं.

आता आईचं.

तिची पाळी जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. डिसेंबरात पंखा पाचवर, बाबा दोन गोधड्या घेऊन कोपऱ्यात. वर्गात मुलांची नावं आठवेनात. झोप तीन तासांची. त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, "आणि तुमचं काय?" आई म्हणाली, "माझं काय, हे सगळ्यांनाच होतं." डॉक्टर म्हणाल्या, "होतं सगळ्यांना. सोसायलाच पाहिजे असं नाही."

नियमाने बघितलं तर आई पण बसत होती. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं नाहीत. ब्लडप्रेशर आहे पण गोळीने ताब्यात. स्वतःला कॅन्सर झालेला असता, हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा गुठळी होऊन गेलेली असती, लिव्हरचा आजार असता, किंवा पाळी गेल्यावर कारण न कळता रक्त जात असतं, तर डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं असतं. तसं काही नव्हतं. मॅमोग्राफी केली, ती व्यवस्थित. पण सख्खी बहीण ही माझ्या मावशीपेक्षा जवळची. डॉक्टर म्हणाल्या, घेऊ शकता, मी देईन, पण जपून.

मी घरी येऊन वकिली सुरू केली. तक्ते, आकडे, दहा हजारांत आठ. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आकडा कळला मला. शिकवते मी गणित. पण रोज सकाळी ते हाताला लावताना मला ताईचा चेहरा दिसणार. औषध घेऊन मी घाबरत जगणार असेन तर ते औषध कसलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चिडले पण. मला वाटलं ती उगाच हट्ट करतेय, मीच नीट समजावलं नाही. बरेच दिवस लागले कळायला की तिला समजलेलं होतं. फक्त तिच्या तराजूत जे होतं ते माझ्या तराजूत नव्हतं. माझ्यासाठी न घेण्याचा धोका मोठा होता. तिच्यासाठी त्रास मोठा होता, आणि त्रास कमी करायला दुसरे मार्ग होते.

डॉक्टरांनी तिला हार्मोन नसलेली एक गोळी दिली. मूळची डिप्रेशनवरची, कमी डोसमध्ये वाफांवर चालते. आई म्हणते निम्मा फरक आहे. आणि लघवीची जळजळ, सारखं इन्फेक्शन, यासाठी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम. ते तिथल्या तिथेच काम करतं, रक्तात अगदी थोडं जातं. ते मात्र तिने घेतलं! मी म्हटलं, "अगं हे पण इस्ट्रोजेनच आहे." तर म्हणे, "ते तिथेच राहतं ना? मग चालतं."

एक गोष्ट राहिली. आपल्या गावाकडच्या बायकांची. "पिशवी काढली" हे आपण सहज ऐकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांबद्दल 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येकींची ऐन तरुणपणी. पिशवीबरोबर ओव्हरी पण गेली की राहिली, हे डिस्चार्जचा कागद बघितल्याशिवाय कळत नाही. दोन्ही ओव्हरी गेल्या असतील तर ती बाई एका दिवसात माझ्या जागी येते, फक्त तिला ते कुणी सांगत नाही. पिशवी नसलेल्या बाईला सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अमेरिकन अभ्यासाचा असा वेगळा भाग 2004 मध्ये थांबवला. त्यात स्ट्रोक वाढला, पण ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही. तुमच्या घरात आई, काकू, आत्या कुणी अशी असेल तर तो कागद शोधून काढा. ट्रंकेत असतो, लग्नाच्या अल्बमखाली.

आणि तुमची स्वतःची पाळी तीन-चार महिने आली नसेल तर पीसीओडी म्हणून गोळ्या घेण्याआधी एफएसएचची टेस्ट मागा. लाजू नका. टेस्ट न करता पाकीट हातात दिलं तर उठून दुसरीकडे जा. मी वर्ष घालवलं, त्यात हाडं झिजली.

माझा पुढचा डेक्सा दिवाळीनंतर आहे. आई पुढच्या महिन्यात तपासणीला पुण्यात येणार. ती डॉक्टरांना विचारायचे प्रश्न शाळेच्या वहीत लिहून ठेवते, लाल पेनाने नंबर घालून. परवा घरी गेले तेव्हा वही उघडी होती, मी डोकावले. पहिला प्रश्न, बी.पी.ची गोळी बदलायची का. दुसरा, कॅल्शियम जेवणाआधी की नंतर. तिसरा खोडलेला होता, पण वाचता येत होता : "ते हाताला लावायचं जेल केवढ्याला येतं?"